पिवळ्या काठाची झाडं

फरीदाबादच्या बेअरिंगच्या कारखान्याला कुलूप लागलं, तेव्हा शामराव गजभिये अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतून दोनच वस्तू घेऊन घरी आले. एक स्वतःच्या पैशानं घेतलेला व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचं पोलादी माप. आणि दुसरी एक कुंडी. ती मॅनेजरच्या केबिनबाहेर पंधरा वर्षं ट्यूबलाइटच्या उजेडात उभी होती. ‘ले जाओ गजभिये,’ मॅनेजर म्हणाला होता, ‘अब इसको पानी कौन देगा?’ पाणी त्याला तसंही कुणी देत नव्हतं. उरलेल्या चहाचे घोट आणि सिगरेटची थोटकं यांवरच ते झाड जगलं होतं.

सॅन्सेव्हेरियाची ती कुंडी. जाड, ताठ, तलवारीसारखी उभी पानं. गडद हिरव्या रंगावर फिकट आडव्या लाटा आणि दोन्ही कडांना बोटभर रुंद पिवळी पट्टी. त्यांच्या बायकोला, रमाबाईंना, ते नाव काही उच्चारता येईना. त्या म्हणाल्या, ‘काठाचं झाड.’ घरात तेच नाव रुळलं.

ही १९९५ची गोष्ट. पुढची दोन वर्षं शामरावांनी दाराजवळच्या खुर्चीत काढली. त्याआधी, कारखान्यात तयार माल तपासायचे म्हणून, कॉलनीत त्यांना सगळे ‘इन्स्पेक्टर साब’ म्हणत. कुणाच्या स्कूटरचं बेअरिंग वाजायला लागलं की तो त्यांच्याकडे येई. ते कान लावून ऐकत आणि ‘पंधरा दिवस चलेगा, ज्यादा नहीं’ असं सांगत, आणि ते पंधराच दिवस चाले. कारखाना गेला आणि लोकांनी विचारणं सोडलं. रमाबाई ओखल्याला कपड्यांच्या एक्स्पोर्ट कंपनीत काज-बटणं करायला जाऊ लागल्या. मुलगी दीपमाला बी.एस्सी. बॉटनी झाली आणि शेजारच्या सेक्टरात मुलांच्या शिकवण्या घेऊ लागली. शामराव झाडाकडे बघत बसत. वसंतात मुळाशी नवा कोंब आला की ते गड्डा सोडवून त्याचे भाग करत आणि प्रत्येक भाग वेगळ्या कुंडीत लावत. अशा अकरा कुंड्या झाल्या. अकराही कुंड्यांत काठ पिवळा, बोटभर, सरळ.

१९९७च्या मार्चमध्ये एका रविवारी गुणवंतकाका आले. तेही त्याच कारखान्यातले, पवनीकडचे, शामरावांपेक्षा आठ वर्षांनी लहान. कारखाना बंद पडल्यावर गुडगावात ऑफिसांना झाडं पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागले होते. गुडगावात तेव्हा मोहरीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या.

‘जय भीम, भाऊ. वहिनी, चहा टाका, खबर मोठी आहे,’ असं म्हणत ते थेट गच्चीवर गेले. कुंड्यांभोवती एक चक्कर मारून म्हणाले, ‘शामराव, हीच! हीच पाहिजे त्यांना. परदेशी कंपनी आहे. एसी अठरावर. ऊन नाही, वारा नाही. आमच्या ठेकेदारानं तीन जातींची झाडं ठेवून बघितली, महिन्यात सगळी गेली. आता त्यांच्या आर्किटेक्टनं कागदावरच लिहून दिलंय, पिवळ्या काठाची सॅन्सेव्हेरिया, दीडशे कुंड्या, एकसारख्या. पुढच्या मार्चला बिल्डिंग उघडते.’

‘दीडशे?’ शामराव म्हणाले.

‘साहेब लोक याला सासूची जीभ म्हणतात, माहीत आहे?’

‘मग सुनांचं ऑफिस दिसतंय,’ रमाबाई खालून ओरडल्या. ‘दीडशे सासवा एका ठिकाणी कशाला!’

गुणवंतकाका हसले आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘भाऊ, नुसती झाडं द्यायची नाहीत. मी ठेकेदाराशी बोललोय. झाडांच्या देखभालीला एक माणूस लागणार. आठवड्यातून तीन दिवस जायचं, पानं पुसायची, माती तपासायची, रजिस्टर भरायचं. म्हटलं, माझ्याकडे इन्स्पेक्टर आहे.’

शामरावांनी खिशातून रुमाल काढला आणि जवळच्या पानावरची धूळ पुसली.

गुणवंतकाका गेल्यावर त्यांनी हिशेब मांडला. अकरा कुंड्या, प्रत्येकीत चार-पाच गड्डे. आत्ता सोडवले तर पन्नास, पावसाळ्यात नवे कोंब येतील ते धरून पुढच्या मार्चपर्यंत नव्वद. ‘गुणवंतला नव्वद सांगतो,’ ते म्हणाले. ‘बाकीची त्यानं दुसरीकडून घ्यावीत.’

‘दीडशे होतील, बाबा,’ दीपमाला म्हणाली.

ती सहज बोलली नव्हती. कॉलेजच्या बागेत प्रॅक्टिकलला तिनं स्वतः सॅन्सेव्हेरियाच्या पानाचे तुकडे वाळूत लावले होते आणि त्यांना मुळं फुटलेली बघितली होती. प्रत्येक पुस्तकात ती आकृती असते. तिनं वही घेतली. एका कुंडीत सरासरी सात पानं, एका पानाचे सहा तुकडे. दहा कुंड्यांचे चारशे वीस. निम्मे कुजले तरी दोनशे दहा.

शामरावांनी आकडे दोनदा तपासले. मग तिच्याकडे बघितलं. त्या नजरेची तिला मागून पुष्कळदा आठवण झाली. दोन वर्षांत त्यांनी कुणाला काही विचारलं नव्हतं.

‘नक्की?’

‘नक्की.’

‘तू बॉटनीवाली,’ ते म्हणाले. ‘तुझा शब्द.’

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी पानं कापली. शामरावांनी हॅकसॉचं पातं घासून सुरी केली. जुन्या पत्र्याचं एक गेज केलं, दोन खाचांचं. तुकडा पहिल्या खाचेत बसला पाहिजे आणि दुसरीत अडला पाहिजे. पहिली ‘गो’, दुसरी ‘नो-गो’. तीन इंचाला सुताएवढा जरी फरक पडला तरी तुकडा बाजूला.

‘बाबा, झाडाला तेवढं चालतं.’

‘झाडाला चालतं. मला नाही.’

दीपमालानं प्रत्येक तुकड्याच्या खालच्या टोकाला तिरका छेद दिला. उलटा लावला तर तुकड्याला मूळ फुटत नाही, आणि वाळल्यावर वरखाली ओळखू येत नाही. मग सगळे तुकडे चार दिवस सावलीत पसरून ठेवले. कापलेली कड सुकून तिच्यावर पापुद्रा धरला की कुजण्याचं भय कमी होतं. रमाबाई कामावरून आल्या, त्यांनी घरभर वर्तमानपत्रांवर मांडलेले हिरवे-पिवळे तुकडे बघितले आणि म्हणाल्या, ‘बापलेकींनी भाजी चिरलीय का ही? उद्या फोडणी टाकू?’

अकरावी कुंडी शामरावांनी कापू दिली नाही. ती कारखान्यातून आणलेली मूळची कुंडी. ‘हा मास्टर पीस,’ ते म्हणाले. ‘लॉटमधला एक पीस बाजूला ठेवायचा असतो. नाहीतर जुळवायचं कशाशी?’ त्यांनी ती खाली, आतल्या खोलीत खिडकीशी ठेवली.

उरले दहा कुंड्यांतले बिनपानांचे गड्डे. शामरावांना ते ठेवायचे होते. पण तुकड्यांना माती हवी होती, कुंड्या हव्या होत्या. आणि दीपमालाचं म्हणणं असं की पान नाही तर अन्न नाही, गड्डा सडणार, बुरशी धरणार आणि ती बुरशी तुकड्यांना लागणार. शामराव जरा वेळ गड्डे हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, ‘तू म्हणतेस तर.’ घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर त्यांनी ते नेऊन टाकले. मेमध्ये तिथं सीवरची लाइन खणली गेली आणि सगळ्यावर पुरुषभर माती पडली.

त्या उन्हाळ्यात लूचे गरम वारे वाहायचे तेव्हा शामराव गच्चीवर हिरवी जाळी बांधत, वाऱ्यानं सुटली की पुन्हा बांधत. पाणी आठवड्याला एकदाच, तेही बोट मातीत दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच. बाकी या झाडाला काही लागत नाही. उपाशी ठेवलं तरी चालतं, लाड मात्र सोसत नाहीत. एकशे सत्तावन्न तुकडे कुजले. दोनशे त्रेसष्ट जगले, आणि ते एकेक करून स्वस्तातल्या मातीच्या कुंड्यांत गेले. मुळं धरली की शामराव त्यांतला एक हलकेच उपटून मुळाची लांबी व्हर्नियरनं मोजत आणि वहीत लिहीत. दाढी रोज होऊ लागली. कॉलनीतला कुणी खालून हाक मारून विचारी, ‘इन्स्पेक्टर साब, कितने हुए?’ आणि ते गच्चीच्या कठड्यावरून वाकून आकडा सांगत.

पहिला कोंब ऑगस्टच्या अखेरीस मातीतून वर आला. दीपमालाला त्यांनी शिकवणीतून बोलावून आणलं. दोघं उकिडवी बसून बघत राहिली. कोंब करंगळीएवढा, टोकदार, गुंडाळलेला, आणि संपूर्ण हिरवा.

‘काठ?’ शामराव म्हणाले.

‘लहान आहे अजून,’ ती म्हणाली.

आठ दिवसांत एकोणीस कोंब आले. एकोणीसही हिरवे. मूळच्या कुंडीतला नवा कोंब तिनं आधी कधी नीट बघितला नव्हता. वडिलांना विचारायचं धाडस झालं नाही.  सप्टेंबरातल्या एका बुधवारी सकाळची शटल धरून ती दिल्लीला गेली, स्टेशनवरून बसनं युनिव्हर्सिटीत. जुन्या ओळखीवर लायब्ररीत बसू दिलं. पुस्तक तेच होतं, ज्यावर तिनं दुसऱ्या वर्षाचा पेपर दिला होता. प्रकरण तेच. ‘कायमेरा’. पाचापैकी चार गुणांची टीप तिनं त्यावर लिहिली होती.

एकाच झाडात दोन वेगळ्या जातींच्या पेशी शेजारी शेजारी राहतात तेव्हा त्याला कायमेरा म्हणायचं. एका जातीत हिरवा रंग तयार होतो, दुसरीत होत नाही. जिथं दुसरी जात कडेनं वाढते, तिथं पिवळा काठ दिसतो. हे तिला पाठ होतं. पेन्सिलीची खूण तिथपर्यंतच होती, परीक्षेला पुढचं येत नाही म्हणून. पुढचं वाक्य तिनं आज पहिल्यांदा वाचलं. पानाच्या तुकड्यातून नवा कोंब निघतो तो आतल्या एकाच जातीच्या पेशींपासून, म्हणून पिवळ्या काठाच्या सॅन्सेव्हेरियाचे तुकडे लावल्यास रोपं नेहमी साधी हिरवी निघतात. काठ टिकवायचा असेल तर गड्डाच विभागावा लागतो.

कॉलेजच्या बागेत तिनं लावली होती ती साधी हिरवी जात होती. हिरव्याला हिरवं फुटलं, त्यात तिला शंका यायचं कारणच नव्हतं.

तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं. ‘नेहमी’ या शब्दावर बोट ठेवून बसली. मग प्लॉटवर टाकलेले गड्डे आठवले. काठ तेवढ्या गड्ड्यांतच होता. दहा कुंड्यांचा काठ तिनं स्वतःच्या शब्दानं सीवरच्या मातीखाली घातला होता.

परतीच्या शटलमध्ये तिनं वाक्यं जुळवली. घरी गेल्या गेल्या सांगायचं. अजून सहा महिने आहेत, गुणवंतकाका दुसरीकडून झाडं मिळवू शकतील. बाबांना राग येईल, येऊ दे. गर्दीतून फरीदाबादला उतरताना तिला जवळजवळ बरं वाटत होतं.

दारात शामराव उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. त्या दिवशी गुणवंतकाका त्यांना स्कूटरवर बसवून गुडगावची इमारत दाखवायला घेऊन गेले होते, आणि ती विसरली होती. शामरावांच्या शर्टाच्या खिशाला चिमटा होता आणि चिमट्याला प्लास्टिकमध्ये घातलेला एक पास. त्यावर त्यांचा फोटो आणि खाली छापलेलं, सुपरवायझर.

‘बघ,’ त्यांनी पास काढून तिच्या हातात दिला. ‘गेटवर मशीन आहे, त्यात घातला की दार उघडतं. मी तीनदा उघडून बघितलं. गुणवंत म्हणाला, भाऊ, बस करा, तो गार्ड हसतोय.’ ते स्वतःच हसले. मग म्हणाले, ‘कुठं गेली होतीस? काय म्हणतं तुझं पुस्तक?’

पास तिच्या हातात होता. फोटोतले बाबा जरा घाबरल्यासारखे कॅमेऱ्याकडे बघत होते.

‘येतो काठ,’ ती म्हणाली. ‘पान जून झालं की येतो.’

‘वाटलंच मला.’ त्यांनी वही उघडली आणि उभं राहूनच लिहिलं. तारीख. कोंब एकोणीस. काठ – नंतर अपेक्षित. आणि नेहमीप्रमाणे कंसात, कुणी सांगितलं त्याचं नाव. दीपा.

उद्या सांगू, असं तिनं त्या दिवशी ठरवलं. मग दिवाळी आली, मग रमाबाईंना टायफॉइड झाला, मग थंडी. एकदा न सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सांगणं दुप्पट अवघड होतं, आणि आठव्या दिवशी काय होतं ते तिला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. डिसेंबरात फरीदाबादवर धुकं बसलं. झाडांची वाढ थांबली. शामराव रोज सकाळी मफलर गुंडाळून, घड्याळजीकडून आणलेलं भिंग घेऊन वर जात आणि पानांच्या कडा तपासत. एकदा ते धावतपळत खाली आले. ‘दीपा, एकशे बारा नंबरला थोडा फिकटपणा वाटतोय बघ.’ ती वर गेली. पान थंडीनं पोळलं होतं. ‘हं,’ ती म्हणाली. ‘असेल.’

असे पाच महिने.

फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं तेव्हा गुणवंतकाका आले. दोनशेच्या वर कुंड्या, हिरव्यागार, एकसारख्या, ओळीनं. ते बघतच राहिले.

‘भाऊ, पिवळा कुठाय?’

‘मागून येतो,’ शामराव शांतपणे म्हणाले. ‘पान जून झाल्यावर. दीपा म्हणाली.’

गुणवंतकाकांनी तिच्याकडे बघितलं. निघताना म्हणाले, ‘दीपू, मला जरा खालपर्यंत सोड.’ जिन्यात ते थांबले. ‘खरं बोल पोरी. येणार का?’

‘नाही.’

‘काहून नाही?’

तिनं सांगितलं. त्यांना पेशींचं काही कळलं नाही, पण ‘कधीच नाही’ एवढं कळलं. ते पायरीवर बसले. डोक्यावरून हात फिरवला. ‘आता मी दीडशे कुठून आणू? पंधरा दिवसांत? दिल्लीच्या नर्सऱ्यांत चाळीस मिळतील. माझी नोकरी जाईल ते जाऊ दे, पण तुझ्या बाबांचं नाव मी छातीवर हात ठेवून दिलंय तिथं.’ जरा वेळानं त्यांनी मान वर केली. ‘ऑइल पेंट लावला तर?’

‘काय?’

‘पिवळा. कडेनं. बारीक ब्रशनं. साहेब लोक काय हात लावून बघतात? महिनाभर गेलं की मी हळूहळू बदलून टाकतो एकेक.’

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून तिनं पिवळ्या एनॅमलचा छोटा डबा आणला.

रमाबाई कामावर गेल्या. शामराव रेशनच्या रांगेत उभे होते, तिथं दोन तास जात. दीपमाला आपला प्रॅक्टिकलच्या आकृत्यांचा ब्रश घेऊन गच्चीवर बसली. पहिल्या पानाची कड तिनं जितक्या काळजीनं रंगवली, तितक्या काळजीनं आयुष्यात कुठली आकृती काढली नव्हती. रंगाखाली पानाची छिद्रं बुजतील, श्वास कोंडेल, हे तिला माहीत होतं. हे झाड त्यातूनही जगेल, हेही माहीत होतं. आठ कुंड्या झाल्या. लांबून खरंच मास्टर पीससारख्या दिसत होत्या. तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज वाटायच्या आत जिन्यात पावलं वाजली.

रेशनचं दुकान त्या दिवशी बंद होतं.

शामराव दारात उभे राहिले. रिकामी पिशवी अजून हातात होती. पुढे येऊन ते आठ कुंड्यांसमोर उकिडवे बसले. क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांचा चेहरा उजळला. तेवढं तिनं बघितलं. मग त्यांना वास आला असणार. त्यांनी नखानं कड खरवडली आणि नखाकडे बघितलं.

ते उठून खाली गेले. वर आले ते मूळची कुंडी कवेत घेऊन. ती त्यांनी रंगवलेल्या कुंडीशेजारी ठेवली. रिवाजच होता तो, संशयित पीस मास्टरशेजारी ठेवायचा. मूळच्या कुंडीत खिडकीच्या उजेडात एक लहानसा कोंब आला होता. कोंब जेमतेम दोन इंच. त्याला काठ होता.

‘जन्मापासून असतो,’ शामराव म्हणाले. ‘मला वाटलं, तुकड्याचं वेगळं असेल. तू म्हणालीस म्हणून.’

ती ब्रश धरून बसली होती.

‘हे कुणी सुचवलं?’

‘मीच.’

‘कधी कळलं तुला, की येत नाही?’

‘सप्टेंबरात. लायब्ररीत गेले होते तेव्हा.’

त्यांनी वही काढली, पानं मागं उलटली. ‘म्हणजे पास आणला त्या दिवशी.’

‘हो.’

‘चुकीचा पीस निघतो, दीपा. मशीन आहे, माणूस आहे, निघणारच. त्यासाठी तर आम्हाला ठेवायचे. त्याच दिवशी सांगितलं असतंस तर गुणवंतला सहा महिने मिळाले असते.’ ते थांबले. बोलताना ते नेहमी समोरच्या वस्तूकडे बघत, आताही कुंडीकडेच बघत होते. ‘मी रोज सकाळी भिंग घेऊन वर येत होतो.’

 तिला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर तिला रडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टूलबॉक्समधून लाल रंगाची डबी काढली. कारखान्यात रिजेक्ट मालावर लाल ठिपका देतात, म्हणजे तो चुकून चांगल्या मालात मिसळत नाही. शामराव पहिल्या कुंडीपाशी बसले आणि कुंडीच्या काठावर एक ठिपका दिला. मग दुसरीच्या. दीपमाला ‘मी देते’ म्हणत पुढे झाली तेव्हा त्यांनी डबी जराशी स्वतःकडे ओढली. दोनशे त्रेसष्ट ठिपके द्यायला त्यांना दुपार झाली. मधे एकदा त्यांनी डोळे पुसले, पण ते उन्हामुळेही असेल.

रविवारी गुणवंतकाका आले, गच्चीवरचे लाल ठिपके बघितले आणि त्यांना सगळं समजलं.

‘अरे भाऊ, हिरवी तर हिरवी. चांगली तरारली आहेत. मी साहेबाच्या पाया पडतो. घेतील ना यार, झाड ते झाड!’

‘ड्रॉइंगमध्ये पिवळा काठ आहे,’ शामराव म्हणाले. ‘मी ड्रॉइंगच्या बाहेरचा पीस पास करत नाही.’ खिशातून पास काढून त्यांनी गुणवंतकाकांच्या हातात ठेवला. ‘हा परत करून टाक.’

‘ठेवा हो. दुसरं काम निघालं की...’

‘परत कर.’

गुणवंतकाका पास उलटसुलट करत राहिले. चहा न घेता गेले. ठेकेदारानं दुसऱ्याच कुणाकडून मोठ्या पानांची वेगळी झाडं आणून ती इमारत भरली, आणि गुणवंतकाकांना दूर मानेसरच्या साइटवर टाकलं, असं नंतर कळलं. ते पुढे सणासुदीलाही आले नाहीत.

‘मेलं ते झाड,’ रमाबाई एकदा भांडी घासता घासता म्हणाल्या. ‘आणलं नसतं तर बरं.’ पण त्या हळू आवाजात बोलल्या, आणि शामरावांनी ऐकलं नाही. ते पुन्हा दाराजवळच्या खुर्चीत बसू लागले होते. दाढी आठवड्यातून एकदा. गच्चीवर ते जात नसत. घरात कुणी कुणाशी भांडलं नाही. ते दीपमालाशी बोलत, पाणी दे म्हणत, वेळ विचारत. फक्त आता तिनं ‘सहा वाजलेत’ म्हटलं की ते भिंतीवरच्या घड्याळाकडेही एकदा बघत.

जुलैत तिला एका नव्या शाळेत सायन्स शिकवायची नोकरी लागली. ऑगस्टमध्ये, कपडे वाळत घालायला म्हणून ती गच्चीवर गेली. मार्चपासून त्या कुंड्यांना कुणी पाणी दिलं नव्हतं. मे-जूनची लू त्यांनी बिनजाळीची काढली होती. काही पानांवर उन्हाचे पांढरे चट्टे होते, मधल्या रांगेतल्या दोन कुंड्या माकडांनी पाडून फोडल्या होत्या. तिनं मोजली. दोनशे त्रेसष्ट. फुटलेल्या कुंड्यांतली झाडंसुद्धा गच्चीच्या सिमेंटवर आडवी पडून नवे कोंब काढत होती. एकही मेलं नव्हतं. लाल ठिपके मात्र पावसानं फिके झाले होते. ती त्या सगळ्या हिरव्यागार ओळींमध्ये ओली चादर हातात घेऊन उभी राहिली. यांतली निम्मी जरी जळून गेली असती तरी हा जिना चढणं तिला सोपं झालं असतं.

कपडे वाळत घालून ती खाली उतरली. शेवटच्या वळणावर तिला आतल्या खोलीतून वडिलांचा आवाज ऐकू आला. पुष्कळ दिवसांनी त्यात जरा धार होती, जुनी, कामावरची.

‘अगं, इकडे ये. बघ, मास्टर पीसला आणखी दोन आले. दोघांनाही काठ आहे.’

दीपमालाचा पाय पुढच्या पायरीवर टेकला होता. आत जावं असं तिला वाटलं. मग आतून रमाबाईंच्या बांगड्या वाजल्या, ‘आले, आले’ म्हणत त्या खिडकीकडे गेल्या, आणि हाक त्यांनाच होती हे तिच्या लक्षात आलं.

ती तिथंच, पायरीवर बसली. आत दोघं कोंबाची उंची किती ते ठरवत होती. शामराव म्हणाले, ‘थांब, मोजून सांगतो,’ आणि टूलबॉक्सचं झाकण उघडल्याचा आवाज आला.